क्लच सरकतोय, पण लिव्हर हलकाच हवा

चढावर थ्रॉटल पिळला, इंजिन किंचाळायला लागलं, पण गाडी मात्र रेंगाळतेच आहे. क्लच सरकतोय म्हणतात ते हेच. त्यावर हमखास मिळणारा सल्ला एकच: कडक स्प्रिंगा टाक. त्याने सरकणं बहुधा थांबतं, नाही असं नाही. पण नंतर गर्दीतून गाडी काढताना डावा पंजा भरून येतो, आणि मूळ दुखणं स्प्रिंगचं नव्हतंच, हे बऱ्याचदा उशिरा कळतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. ज्याला कमी पैसे आणि कमी उघडझाप लागते ते आधी, स्प्रिंग सगळ्यात शेवटी.

हे सगळं इंजिन ऑइलमध्ये बुडून चालणाऱ्या, अनेक प्लेटांच्या क्लचबद्दल आहे. बहुतांश मोटरसायकलींना हाच असतो. स्कूटरचा आपोआप चालणारा क्लच वेगळा, त्याला यातलं फारसं काही लागू नाही.

पकड येते कुठून

क्लचच्या बास्केटमध्ये, म्हणजे बाहेरच्या वाटीसारख्या भागात, एकाआड एक दोन प्रकारच्या प्लेटा असतात. घर्षणाचा थर असलेल्या फ्रिक्शन प्लेटा बास्केटबरोबर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरतात. मधल्या साध्या स्टीलच्या प्लेटा आतल्या हबबरोबर, म्हणजे गिअरबॉक्सबरोबर फिरतात. प्रेशर प्लेट आणि स्प्रिंगा मिळून हा सगळा गठ्ठा दाबून धरतात. लिव्हर ओढला की प्रेशर प्लेट जराशी उचलली जाते, गठ्ठा सैल होतो आणि इंजिन सुटं होतं.

हा गठ्ठा किती टॉर्क (फिरवणारा जोर) झेलणार ते चार गोष्टींवर ठरतं: स्प्रिंगांचा दाब, पृष्ठभागांची घर्षणक्षमता, घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या आणि प्लेटांची त्रिज्या. चारांचा थेट गुणाकार होतो. यातली हाताला जड वाटणारी गोष्ट एकच, स्प्रिंगांचा दाब. बाकी तिन्ही फुकट, निदान हाताच्या दृष्टीने. सहा फ्रिक्शन प्लेटा असतील तर घासणारे पृष्ठभाग बारा. त्याच जागेत सातवी बसवता आली तर ते चौदा होतात आणि पकड सुमारे १७ टक्क्यांनी वाढते, लिव्हरवर एक ग्रॅमही न वाढवता. उलट स्प्रिंगा १५ टक्के कडक केल्या तर पकड १५ टक्के वाढते आणि हातावरचं वजनही जवळपास तेवढंच.

झीज पकड कशी खाते तेही इथेच कळतं. सहा प्लेटा प्रत्येकी ०.२ मिमी झिजल्या तर गठ्ठा १.२ मिमीने बारीक होतो. स्प्रिंग तेवढीच मोकळी होते. ती मुळात ८ मिमी दाबून बसवलेली असेल तर आता ६.८ मिमीच दाबलेली, म्हणजे दाब १५ टक्क्यांनी गेला. स्प्रिंग अगदी ठणठणीत असूनही! अशा गाडीचा लिव्हर आधीपेक्षा थोडा हलकाही लागतो, आणि तोच मालकाला आवडत असतो. नव्या प्लेटा टाकल्यावर "लिव्हर जड झाला" अशी तक्रार आली तर तो फक्त मूळ जागी परत आलेला असतो, एवढं लक्षात ठेवा.

क्लचच आहे का ते आधी बघा

इंजिन नीट गरम होऊ द्या. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, चौथ्या किंवा पाचव्यात, मध्यम वेगाने चला आणि थ्रॉटल एकदम पूर्ण उघडा. इंजिनाचा आवाज आणि टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा झपकन वर गेला आणि वेगाचा काटा मागेच राहिला, तर क्लच सरकतोय. इंजिन घुसमटलं, आवाज वर गेलाच नाही, तर दोष इंधनाचा किंवा इग्निशनचा, क्लच उघडू नका. कड-कड आवाज करत झटके आले तर साखळी आणि स्प्रॉकेटचे दात बघा. झिजलेल्या दातांवरून साखळी उडी मारते. क्लच मात्र झटका न देता गुळगुळीत सरकतो, आणि जास्त वेळ सरकला तर करपल्याचा वास येतो.

ही चाचणी पुन्हापुन्हा करत बसू नका. प्रत्येक वेळी प्लेटा तापतात.

लिव्हरची ढील

नवशिक्याने पहिला हात इथेच घालावा. हँडलवर लिव्हर जिथे बसतो त्या मुळाशी, लिव्हर आणि त्याच्या होल्डरमध्ये, वजन लागायच्या आधी साधारण २ ते ३ मिमी फट पडली पाहिजे. हीच ढील. लिव्हरच्या टोकाशी मोजलं तर बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत १० ते २० मिमी लिहिलेलं असतं. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघून घ्या.

ढील अजिबात नसेल तर केबल कायम थोडी ताणलेली राहते. म्हणजे लिव्हरला बोटही न लावता तुम्ही क्लच किंचित दाबूनच गाडी चालवता. पुष्कळ जणांना वाटतं की केबल जुनी होऊन लांबते, म्हणून ढील नेहमी वाढतच जाते. केबल लांबते खरी, पण प्लेटा झिजल्या की प्रेशर प्लेट आत सरकते आणि बहुतेक रचनांमध्ये त्याने ढील कमी होते. दोन्ही एकाच वेळी चालू असतं. ज्या गाडीला बरेच महिने कुणी हात लावलेला नाही तिची ढील कुठल्या बाजूला गेली असेल, ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

ॲडजस्टर दोन जागी असतात: एक लिव्हरशी, बारीक फरकासाठी, आणि दुसरा इंजिनाकडच्या टोकाशी. काही गाड्यांमध्ये इंजिनावरच लॉकनटसह तिसरा स्क्रू असतो. तसा असेल तर क्रम पाळा. केबल दोन्हीकडून पूर्ण सैल करा. आतला स्क्रू हलकेच टेकेपर्यंत फिरवा, मग पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मागे घ्या (बऱ्याचदा पाव ते अर्धा फेरा) आणि लॉकनट आवळा. त्यानंतर इंजिनाकडचा ॲडजस्टर, आणि लिव्हरचा सगळ्यात शेवटी. लिव्हरचा ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण आत राहील असं बघा, म्हणजे रस्त्यात कधी गरज पडली तर हाताशी फेरे उरतात.

आता हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. एका बाजूला ढील नाहीशी होत असेल तर केबल कुठेतरी ओढली जातेय, तिची वाट बदला. इंजिन गार असताना आणि तापल्यावर अशी दोनदा ढील बघा. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचला असं समायोजन नसतं. तिथे लिव्हर सोडल्यावर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येतो का, तेवढं तपासा. तो अडकला तर पाइपात दाब कोंडून राहतो आणि क्लच सरकतो.

लिव्हर जड का, ते शोधा

सरकण्याचं कारण काहीही असो, हे आत्ताच करून घ्या. इथे जेवढं वजन वाचेल तेवढी पुढे स्प्रिंगबाबत मोकळीक मिळते.

केबल इंजिनाकडून सोडवा आणि लिव्हर ओढून बघा. मोकळी केबल एका बोटाने सरकली पाहिजे, कुठेही खरखर लागता कामा नये. खरखर लागली तर दोष केबलमध्ये. केबल लोण्यासारखी सरकत असेल तर इंजिनावरचा क्लच आर्म, म्हणजे केबल जिला जोडलेली असते ती छोटी दांडी, हाताने हलवा. पहिली थोडी हालचाल सहज झाली पाहिजे आणि मग स्प्रिंगचा विरोध एकदम लागला पाहिजे. सुरुवातीपासूनच आर्म चिकटल्यासारखा वाटला तर त्याच्या शाफ्टला गंज किंवा चिखल धरलाय. सीलजवळ साफ करून थोडं ग्रीस दिलं की बऱ्याचदा सुटतो.

केबलमध्ये तेल उतरवायला एक जुनी युक्ती आहे. वरचं टोक सोडवून छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या कोपऱ्यात खुपसा, चिकटपट्टीने घट्ट बांधा, पिशवीत पातळ तेल ओता आणि टांगून ठेवा. खालच्या टोकाने थेंब यायला लागले की झालं. पहिले थेंब बहुधा काळे, गंजाचे असतात. स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा. आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या केबलला जाड ग्रीस देऊ नका, ते अस्तराला चिकटून उलट जड करतं. अशा काही केबलना तर तेल देऊच नये असं उत्पादक सांगतात. टोकाशी एक जरी तार तुटून उभी राहिली असेल तर तेलपाणी सोडा आणि केबल बदला.

केबलच्या वाटेत जितकी वळणं तितकं घर्षण. टाकीखाली दबलेली किंवा हेडलाइटमागे तीव्र वाकवलेली केबल नवी असली तरी जडच लागते. लिव्हरचा पिव्हट बोल्ट काढून पुसा, ग्रीस लावा. केबलच्या टोकाची गोळी लिव्हरच्या खाचेत फिरते तिथेही थोडं. गोळी फिरली नाही तर तार तिथेच वाकवाकून तुटते.

आर्मचा कोनही बघा. लिव्हर पूर्ण ओढला असताना केबल आणि आर्म यांच्यात साधारण काटकोन असावा. त्या वेळी स्प्रिंगांचा विरोध सगळ्यात जास्त असतो आणि काटकोनात ताकद वाया जात नाही. शाफ्टच्या दातांवर आर्म एक दात चुकून बसवला की हा कोन बिघडतो. आर्म आणि शाफ्टवर सहसा खुणेचे ठिपके असतात, ते जुळवून घ्या.

ऑइल

क्लच आणि इंजिन एकच ऑइल वाटून घेतात, म्हणून कारचं कुठलंही ऑइल मोटरसायकलला चालत नाही. जपानच्या जासो मानकात १९९८पासून मोटरसायकलच्या चार-स्ट्रोक इंजिनांच्या ऑइलचे घर्षणानुसार वर्ग आहेत. ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचला एमए, आणि त्यातही जास्त पकडीचं एमए२. एमबी हे कमी घर्षणाचं ऑइल स्कूटरसाठी असतं. ते क्लचच्या गाडीत ओतलं तर सरकायला निमित्त मिळतं. डब्यावर एपीआय या अमेरिकी संस्थेच्या गोल चिन्हाच्या खालच्या अर्ध्यात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' किंवा 'एनर्जी कन्झर्व्हिंग' लिहिलं असेल तर ते ऑइल टाळा. "इंजिन गुळगुळीत चालतं" म्हणून वेगळं विकलं जाणारं मिश्रणही टाळा. क्लचला गुळगुळीतपणा नकोच असतो.

चुकीचं ऑइल पडल्यावर सरकायला लागलं असेल तर योग्य ऑइल घालून थोडी गाडी चालवा आणि ते पुन्हा बदला. प्लेटा करपल्या नसतील तर बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

कव्हर उघडायची वेळ आली तर

ढील बरोबर, केबल मोकळी, ऑइल योग्य आणि तरी क्लच सरकतोय. आता आत बघणं आलं. नवं गॅस्केट (कव्हरच्या सांध्यातलं पातळ पॅकिंग), टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळायचा पाना), व्हर्नियर (जाडी मोजायला), फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) आणि काचेचा सपाट तुकडा हाताशी ठेवा. ऑइल काढून घ्या. इंजिन पूर्ण गार हवं.

कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी पिळला तर आटे जातात किंवा कव्हरला चीर पडते, आणि मग क्लचपेक्षा तेच दुखणं मोठं होतं. कव्हर सुटत नसेल तर कडेला रबरी हातोडीने हलके ठोका, फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नका. कव्हर ओढताना एखादा वॉशर ऑइलने चिकटून बाहेर येतो आणि टपकन पडतो; खाली कापड अंथरून ठेवा.

स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे-थोडे सैल करा. एक पूर्ण काढून मग दुसरा, असं करू नका. काही इंजिनांत प्रेशर प्लेट बाहेरच्या बाजूला असते आणि ती निघाली की प्लेटा हातात येतात. काहींत ती गठ्ठ्याच्या मागे असते, तेव्हा मधला नट किंवा सर्क्लिप (खाचेत बसणारी कडी) काढून हबसकट सगळं बाहेर घ्यावं लागतं. नट असेल तर हब धरून ठेवायचं योग्य हत्यार हवंच.

प्रत्येक प्लेट काढताना फोटो घ्या. हा सल्ला सगळेच देतात आणि नवशिके ऐकत नाहीत. पण आतल्या टोकाची एखादी फ्रिक्शन प्लेट वेगळ्या रुंदीची असू शकते, तिच्या आत बशीच्या आकाराची पातळ स्प्रिंग असू शकते, आणि ती उलटी बसली की गाडी सुटताना थरथरते. काही गाड्यांमध्ये शेवटची प्लेट बास्केटच्या वेगळ्या, आखूड खाचेत बसते.

आता मोजा. नवी फ्रिक्शन प्लेट बऱ्याच गाड्यांमध्ये ३ मिमीच्या आसपास असते आणि झिजेची मर्यादा त्याखाली थोडीच. प्रत्येक प्लेट तीन-चार जागी मोजा. स्टीलची प्लेट काचेवर ठेवून कडेने फीलर गेज सरकवा. पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा जाड पान आत गेलं तर प्लेट वाकलेली आहे. ही मर्यादा सहसा ०.१ ते ०.३ मिमी. निळसर डाग म्हणजे प्लेट खूप तापली होती. नुसती चकाकी आली असेल आणि प्लेट सपाट असेल, तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून गोल फिरवत चकाकी घालवा. फ्रिक्शन प्लेट मात्र घासून "नवी" करायला जाऊ नका, चार दिवसांचा खेळ आहे. स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजा आणि आखूड झाल्या असतील तर सगळ्या एकदम बदला.

बास्केटच्या बोटांवर, म्हणजे कडेच्या उभ्या पट्ट्यांवर, प्लेटांनी खाचा पाडल्या असतील तर त्यामुळे क्लच सरकण्यापेक्षा जास्त करून अडखळत सुटतो. खाचा हलक्या असतील तर कानशीने सपाट करा, खोल असतील तर बास्केट बदला.

मग स्प्रिंगांचं काय करायचं

इंजिन कंपनीचंच, बिनबदलाचं असेल तर माझं मत ठाम आहे: कंपनीच्याच स्प्रिंगा. नव्या प्लेटांनी गठ्ठ्याची उंची परत येते, उंचीबरोबर दाब येतो. गठ्ठ्याची एकूण उंची मोजा. नव्या प्लेटा टाकूनही ती किंचित कमी पडत असेल तर एखादी स्टील प्लेट थोडी जाड घेऊन भरून काढता येते, मात्र पुस्तिकेच्या मर्यादेत. स्प्रिंगाखाली वॉशर घालून दाब वाढवणारेही असतात. मला ते पटत नाही. लिव्हर ओढल्यावर स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकले तर क्लच पूर्ण सुटतच नाही.

इंजिनाची ताकद खरोखर वाढवली असेल तर आधी जास्त प्लेटांचा संच किंवा चांगल्या घर्षणद्रव्याच्या प्लेटा बघा. तरी कमी पडलं तर सगळ्या स्प्रिंगा बदलण्याआधी निम्म्याच बदलून बघा: चार असतील तर समोरासमोरच्या दोन, सहा असतील तर एकाआड एक तीन. लिव्हरचं वाढणारं वजनही निम्मंच राहतं. जागा मात्र समतोलच हव्यात, नाहीतर प्रेशर प्लेट तिरकी उचलली जाते.

लांब क्लच आर्म बसवणं हा हलका लिव्हर मिळवायचा दुसरा मार्ग. ४० मिमीचा आर्म ४४ मिमी केला की ओढ सुमारे ९ टक्क्यांनी हलकी होते. पण प्रेशर प्लेटही तेवढीच कमी उचलली जाते, आणि ती मुळात उचलली जातेच जेमतेम दीड-दोन मिमी. जास्तीची प्लेट घातली असेल तर फटीही जास्त लागतात. मग क्लच अर्धवट सुटतो, न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर धाडकन पडतो. म्हणून जास्तीची प्लेट आणि लांब आर्म एकदम करू नका. काही नव्या गाड्यांत असिस्ट क्लच असतो. त्यात हबवरच्या तिरक्या पायऱ्या इंजिनाच्याच जोराने गठ्ठा दाबतात, त्यामुळे मऊ स्प्रिंगांवर भागतं. तिथे स्प्रिंगांशी खेळू नये.

जोडताना

नव्या फ्रिक्शन प्लेटा गाडीत जाणाऱ्याच ऑइलमध्ये काही तास, शक्य तर रात्रभर बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत करपतात. स्टील प्लेटांची एक कड धारदार आणि एक गोलसर असते. सगळ्यांची धार एकाच बाजूला ठेवा. स्प्रिंगांचे बोल्ट पुन्हा समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळा. ते बहुधा ६ मिमीचे असतात आणि टॉर्क १० न्यूटन-मीटरच्या आसपास. अंगातला जोर लावला तर मुंडकं तुटून हातात येतं.

कव्हर लावण्याआधी कुणाला तरी लिव्हर ओढायला सांगा आणि प्रेशर प्लेट सगळीकडून सारखी उचलली जाते का, ते डोळ्यांनी बघा. जुनं गॅस्केट पूर्ण खरवडून काढा, डॉवेल पिना (कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या छोट्या खुंट्या) जागेवर आहेत ना ते पाहा, ऑइल भरा आणि ढील पुन्हा पहिल्यापासून लावा. जुनी ढील नव्या प्लेटांना लागू होत नाही.

मेन स्टँडवर, मागचं चाक हवेत असताना इंजिन चालू करा, पहिला गिअर टाका, लिव्हर पूर्ण ओढलेला ठेवा आणि मागचा ब्रेक हलकेच दाबा. चाक लगेच थांबलं पाहिजे. थंड ऑइलमध्ये ते थोडं फिरतं, घाबरू नका. पहिले शंभर-दोनशे किलोमीटर पूर्ण थ्रॉटल आणि अर्ध्या क्लचवरची रखडपट्टी टाळा, चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नका, चालवताना बोटं लिव्हरवर टेकवू नका. प्लेटा बसल्या की ढील पुन्हा थोडी हलते. तेव्हा ती मोजून परत लावा आणि मगच वरच्या गिअरची सुरुवातीची चाचणी एकदा करून बघा.